छोटी बोट घेताय? कोकणच्या पाण्यात तिला काय झेपतं ते आधी बघा

घरामागे खाडी आहे, दिवाळीत आणि मे महिन्यात पोरंटोरं गावी येतात, गळ टाकायची आवड आहे, हाताशी थोडे पैसेही आहेत. मग एक छोटी बोट का घेऊ नये, असं वाटणं अगदी साहजिक आहे. चौदा ते अठरा फूट लांबीची फायबरची उघडी बोट, मागे तीस-चाळीस हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन, पुढे स्टिअरिंग आणि चार-पाच माणसांची बैठक. हा लेख अशा बोटीपुरताच आहे.

अशी बोट समुद्रात चालते का? चालते. पण विकणारा जी लांबी आणि जी हॉर्सपॉवर सांगतो, त्यावरून ती कुठवर न्यायची हे ठरत नाही. कोकणात ते ठरतं दुपारच्या वाऱ्यावर, खाडीच्या मुखावर आणि परत फिरायच्या वेळेवर. या तीन गोष्टी कळल्या की हीच बोट वर्षातले सात महिने घरच्यांना भरभरून आनंद देते.

आधी पाणी निवडा

आपल्या किनाऱ्यावर छोट्या बोटीसाठी तीन प्रकारचं पाणी आहे. पहिलं खाडीच्या आतलं. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, विजयदुर्ग, आचरा, कार्ली या खाड्या आत कितीतरी मैल जातात. दोन्ही बाजूंना डोंगर आणि खारफुटी असल्यामुळे लाट उठायला मोकळी जागा मिळत नाही. दुसरं पाणी मुखाच्या आत किंवा टेकाडाच्या आडोशाचं, म्हणजे बंदराचं. तिसरा उघडा समुद्र.

पहिला अख्खा हंगाम खाडीतच काढा. यात कमीपणा नाही. बोट धक्क्याला लावणं, उलट्या पाण्यात ती जागेवर धरणं, नांगर टाकणं, वारा बाजूने असताना वळवणं, हे सगळं खाडीतच शिकून होतं. मासेही खाडीत भरपूर. दुसऱ्या हंगामात मुखाबाहेर पडा, तेही किनारा डोळ्यांसमोर ठेवून दोन-तीन किलोमीटरच्या आत. अठरा फुटी बोटीला घरच्या माणसांसह त्यापलीकडे न्यायची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

खाडी कुठली आहे तेही पाहा. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला, चिपळूणकडच्या भागात मगरी आहेत. तिथे बोटीतून मगरी पाहाव्यात, पण मुलांना पाण्यात उतरवू नये. जयगडला मोठं बंदर आहे, दाभोळच्या मुखाशी गॅसचं टर्मिनल आहे. अशा जहाजांच्या वाटेत गळ टाकून बसायचं नाही. मोठं जहाज मनात आणलं तरी चटकन थांबू शकत नाही, आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, अगदी पुढ्यातली छोटी बोट वरून दिसतही नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या फेरीबोटींच्या वाटाही मोकळ्या ठेवा.

बोट पारखताना

माझा आग्रह असा, की विकत घ्यायच्या आधी एक हंगाम भाड्याच्या बोटीतून, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या जाणत्या माणसाला, सोबत घेऊन फिरा. तांडेल कुठे वेग कमी करतो, कुठे वळसा घालतो, कुठल्या खडपापासून (पाण्यातल्या खडकांपासून) लांब राहतो, हे शेजारी बसून बघणं हेच खरं शिक्षण.

माणसं किती, याचा एक ढोबळ हिशेब आहे. फुटांतली लांबी गुणिले फुटांतली रुंदी, भागिले पंधरा. १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद बोटीला सहा माणसं येतात. पण हा आकडा शांत पाण्याचा. त्यात बर्फाची पेटी, पेट्रोल, नांगर, जेवणाचे डबे धरलेले नसतात. म्हणून खाडीत पाच आणि बाहेर चार माणसं धरा. मूल छोटं असलं तरी त्याला एक माणूसच मोजा. चाळीस हॉर्सपॉवर असूनही बोट नाळ वर करून पाणी ढकलत राहिली आणि पाण्यावर तरंगून धावेना, तर सरळ समजा की ओझं जास्त झालंय.

जुनी बोट घेत असाल तर इंजिन वर उचलून त्यावर जोर देऊन बघा आणि मागची फळी न्याहाळा. फळी वाकते, कुरकुरते, बोल्टांभोवती तडे दिसतात, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. ती बोट सोडून द्या, कितीही स्वस्त असो. तळाखाली फोम आहे का, तो पाणी पिऊन जड झालाय का, हे विचारा. बोट भरली तरी बुडू न देणारी चीज तीच. काठ पाण्यापासून भरपूर उंच असावा. मुलं बोटीत असतात तेव्हा उंच काठ हा दिसण्यापेक्षा फार मोठा मुद्दा आहे.

इंजिन कुठल्या कंपनीचं घ्यावं यावर फार डोकं लढवू नका. आपल्या बंदरात मच्छीमारांकडे जे जास्त दिसतं, ते घ्या. मिस्त्री आणि सुटे भाग दोन्ही जवळ मिळतात.

कागदपत्रं

बोटीची नोंदणी, विमा, आणि ती कुठल्या पाण्यात चालवायची परवानगी आहे, हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारून घ्या. मासे मारण्याबाबत मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांना भेटा. १ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरचा मासेमारीबंदीचा काळ. त्या वर्षीचा आदेश दरवेळी पाहून घ्यावा. आपल्या राज्यात ५४ जातींच्या माशांना किमान आकाराची मर्यादा लागू आहे, त्याची यादी तिथेच मागून घ्या. बोटीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र सोबत असू द्या, सागरी पोलीस विचारतात. आणि पैसे घेऊन परकी माणसं फिरवायची, तर तो वेगळा व्यवसाय आणि वेगळा परवाना.

दिवस आणि वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

महिने आधी. दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी सर्वांत शांत. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत फक्त सकाळ आपली. जून ते सप्टेंबर बोट पाण्यात घालायचीच नाही, खाडीतसुद्धा. पावसात खाडीला लाल पाण्याचा लोंढा असतो आणि त्यातून झाडाचे ओंडके वाहत येतात. पावसाळ्याच्या दोन्ही कडांना वादळांवर लक्ष ठेवा. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० रोजी, तौक्ते मे २०२१ मध्ये. म्हणजे सुट्ट्यांचे आपले आवडते महिने यातून सुटलेले नाहीत. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल, तर सकाळ कितीही छान दिसो, बोट बांधलेलीच राहू द्या.

मग वारा. रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याने काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं. नवखा माणूस इथेच फसतो, कारण हा वारा बोटीला बाहेर ढकलत असतो, आणि इंजिन बंद पडलं तर आपण किनाऱ्यापासून लांब जात राहतो. दुपारच्या सुमारास वारा फिरतो. वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तीन-चारपर्यंत लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागतो. होळीनंतर त्याचा जोर वाढत जातो. जो समुद्र सकाळी सातला बोटीला झेपतो, तोच दुपारी तीनला झेपत नाही. म्हणून उजाडताना निघा आणि अकराच्या आत मुखातून आत या. दुपारी बोट चालवायचीच असेल तर खाडीत वर जा.

लाटेची उंची हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजात मिळते, वाऱ्याचा इशारा हवामान खात्याकडे. घरची माणसं घेऊन जाताना अर्धा मीटर लाट ही बाहेर पडायची मर्यादा माना. एक मीटर लाटेत सोळा फुटी बोट बुडेलच असं नाही, पण पाठीचे मणके हलतात, मुलं घाबरतात, आणि पुन्हा कुणी बोटीत बसायला तयार होत नाही.

आता भरती. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवणकडे दोन-अडीच मीटर. त्यामुळे रायगडात सुकतीला (ओहोटीला) अख्खी बोट चिखलात बसू शकते. सिंधुदुर्गात तितकी नाही, पण वाळूवर मात्र बसते. भरती-सुकतीच्या सहा तासांत पाणी सारखं चालत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं आणि तेव्हा खाडीत ओढ सर्वांत जास्त असते.

भरती केव्हा, हे तिथीवरून काढायची आपली जुनी रीत आजही कामाची आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारीही. हा हिशेब मुंबईचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते. सहलीला सोयीच्या तिथी म्हणजे एकादशी ते त्रयोदशी. तेव्हा भरती साधारण सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे चढत्या पाण्यावर निघायचं आणि भरल्या पाण्यावर परतायचं. दक्षिणेकडे एखादी तिथी पुढे धरा. हे झालं आठवडाभर आधी मनाशी बेत करायला. निघायच्या आदल्या रात्री जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक उघडून नक्की वेळ पाहायचीच.

निघण्याआधी धक्क्यावर

बोटीच्या तळाला पाणी काढायचं बूच असतं. ते लावलंय का, हे बोट पाण्यात जायच्या आधी हात लावून बघा. नुसतं नजरेने नको.

इंजिन सुरू केलं की त्याच्या बाजूने पाण्याची बारीक पिचकारी सुटली पाहिजे. ती नसेल तर थंड करणारं पाणी फिरत नाही. लगेच बंद करा. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी किंवा गाळ अडकलेला असतो. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला तर बोट त्याच्याभोवती गोल फिरत राहते, आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा कुणाला ओळखत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि धक्क्यावरच. मुलांचं जॅकेट वजनानुसार घ्या, पायांतून जाणारा पट्टा असलेलं. जॅकेट घालून मुलाला खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सूट नको. डोकं आपटून शुद्ध गेलेला माणूस पोहत नाही.

पेट्रोलचे तीन वाटे करायचे: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला १४-१५ लिटर पितं, मध्यम वेगात निम्म्याच्या आसपास. २५ लिटरची एकच टाकी घेऊन लांबचा बेत करू नका.

नांगराला दोनेक मीटर साखळी आणि त्यापुढे दोर. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडायचा, तरच नांगर धरतो. पाच मीटर पाण्यात पंचवीस ते पस्तीस मीटर. नांगर नेहमी नाळेकडून टाका. मागून टाकला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेल्या बाजूला ओढ बसते आणि लाट थेट आत येते. इंजिन बंद पडलं तर झाकण उघडायच्या आधी नांगर टाका, मग दुरुस्ती.

शिवाय दोन वल्ही, पाणी उपसायला बादली, शिट्टी, टॉर्च, लांब दोर आणि फोनला पाणी न लागणारी पिशवी. मुखाबाहेर जाणार असाल तर हातातला व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच) आणि त्याचा परवाना यांची चौकशी करा. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर देतात. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. घरी एका माणसाला सांगून जा: कुठे चाललो, किती जण, किती वाजता परत, आणि नाही आलो तर फोन कुणाला करायचा.

खाडीचं मुख

कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असतो आणि दर पावसाळ्यात तो जागा बदलतो. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. देवबागला कार्लीच्या मुखाशी हे स्पष्ट दिसतं. तिथली वाळू सतत हलते.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जोराची सुकती आणि समोरून येणारी लाट. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं, लाट उभी राहते आणि फुटते. बाहेर समुद्र शांत असतानाही मुखात हे होतं. म्हणून मुख ओलांडायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत.

पोचल्यावर आत थांबा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा जथ्याने येतात, मग थोडी शांतता. मच्छीमारांच्या होड्या कुठल्या वाटेने जातात ते पाहा. वाटेत एकही लाट फुटताना दिसली तर नवख्या माणसाने घरची माणसं घेऊन तिकडे जाऊ नये. त्या दिवशी खाडीतच गळ टाकावा.

बाहेर जाताना लाट नाळेवर, किंचित तिरकी घ्या आणि वेग कमी ठेवा. आत येताना जास्त सांभाळा. एका लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने या. तिचा माथा ओलांडून पुढे गेलात तर नाळ खाली घुसते आणि बोट आडवी फिरते. मागे राहिलात तर पुढची लाट इंजिनावर येते. वाट चुकली आणि पाणी उतरायला लागलं, तर बाहेर शांत पाण्यात नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहणं हाही मार्ग आहे. त्यासाठीच तो शिल्लक वाटा पेट्रोलचा आणि जास्तीचं पिण्याचं पाणी.

मासे

खाडीत बोय, काळुंदर, तांबोशी, शिंगाळा, रायगडाकडे जिताडा, मुखाजवळच्या वाळूवर मुडदुशी, खडपांपाशी हेकरू. नवख्याने हातात तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला शिसं, छोटी गरी (गळाचा आकडा) आणि कोळंबी एवढ्यावर सुरुवात करावी. महागडा रॉड नंतर. पाणी फिरतं ती वेळ साधा: सुकतीचा शेवट आणि भरतीची सुरुवात. भर ओढीत शिसं तळाला टिकत नाही. खडपाच्या कडेला, खारफुटीतून ओहोळ खाडीला मिळतो तिथे, पुलाच्या खांबांच्या आडोशाला नांगर टाका. तांबोशी गरी घेतली की थेट खडपात घुसते, तेव्हा पहिल्या ओढीलाच तिला ढिल द्यायची नाही. मुखाबाहेर दिवाळीनंतर पिसांच्या छोट्या गऱ्यांवर बांगडा लागतो, आणि कृत्रिम आमिष मागे ओढत संथ चाललं तर सुरमई. सुरमईचे दात फार धारदार; गरीच्या वर तारेचा तुकडा हवाच.

शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, पाकटाच्या शेपटीचाही. गरी काढताना हाताने धरू नका, पकड वापरा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास धरा, त्याने वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जा. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, चहासाठीही उपयोगी पडतं. मुलांच्या हातातल्या गऱ्यांचा उलटा काटा पकडीने दाबून टाका.

हे पाणी आपल्या आधीपासून कुणाचं तरी पोट भरतंय, याचं भान ठेवा. दाभोळ खाडीत भोई, किनाऱ्यावर खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, रायगडात कोळी. त्यांच्या जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) आणि झेंडे ओळखायला शिका. दोन बोयांच्या मधून कधी जाऊ नका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये शिरायचं नाही. चुकून जाळं पंख्यात गेलंच तर इंजिन बंद करून वर घ्या, जाळं कापू नका, मालकाला हाक मारा. फाटलं असेल तर भरपाई द्या. पुढे इंजिन बंद पडेल तेव्हा ओढून आणायला हीच माणसं येणार आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे; तिथे कुठे काय चालतं ते वन खात्याकडून समजून घेतल्याशिवाय गळ किंवा नांगर टाकू नका.

घरच्यांची सहल

पहिली सहल एका तासाची ठेवा. मुलांनी आणखी थोडं फिरूया म्हणावं, तेव्हाच परत फिरलेलं बरं. ज्यांना बोट लागते त्यांना मधे, मागच्या बाजूला बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. मळमळीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. मुलांसाठी डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी आणू नका. आमसुलाचं सरबत, लांब बाह्यांचे कपडे, दोरी असलेली टोपी. नाळेवर पाय सोडून बसायची मुलांना भारी हौस असते. बोट चालू असताना ते अजिबात नाही, कारण पडलेलं मूल थेट पंख्याच्या वाटेत येतं. कुणी पाण्यात उतरलं, किंवा वर चढत असेल, तर इंजिन पूर्ण बंद.

हर्णे, मुरुड, गुहागर, तारकर्लीकडे किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसतात. त्यांच्या मागे धावू नका, कळपात घुसू नका. इंजिन संथ ठेवून बाजूला थांबलं की पुष्कळदा तेच जवळ येतात, आणि मुलांना असं बघायला मिळालेलं जास्त आवडतं. कायद्यानेही त्यांना त्रास देणं गुन्हा आहे.

परत आल्यावर, आणि पावसाळ्याआधी

प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा. मीठ आत सुकलं की पाण्याच्या वाटा बुजतात. बोट, साखळी, स्टिअरिंगची तार, सगळं गोड्या पाण्याने धुवा. इंजिनाला लावलेला जस्ताचा तुकडा झिजण्यासाठीच असतो; निम्मा उरला की बदला.

मेच्या मध्याला बोट बाहेर काढा. बुडाची शेवाळ आणि शिंपल्या खरवडा, बूच काढून ठेवा, नाळ थोडी उंच ठेवून ती ओंडक्यांवर बसवा म्हणजे पावसाचं पाणी मागून वाहून जाईल. वर ताडपत्री, आणि बाजूने हवा खेळती. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि चार महिन्यांत तळाशी पाण्याचा थर बसतो. इंधनाच्या नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर याच सुट्टीत बसवून घ्या. बॅटरी घरात आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. लाइफ जॅकेटं सावलीत वाळवून टांगा. उंदीर कुरतडतात, म्हणून पडवीत घडी घालून ठेवू नका. गणपतीनंतर मिस्त्रीला आधीच वेळ सांगून ठेवा, कारण दसऱ्याच्या आठवड्यात सगळ्या बंदराला तो एकदमच हवा असतो.